दोन कोरड्या धबधब्यांच्या मध्ये

लीड वेल, नेव्हाडा
१४ जानेवारी १९९६

प्रिय रॉझ,

नाताळचं कार्ड पोचलं. पाकिटावरचं अक्षर बघून क्षणभर वाटलं, आईनेच पाठवलंय. तुझ्या अक्षराला तसाच डावीकडे कल आहे, हे मी विसरूनच गेले होते.

वरची खोली रिकामी आहे, येऊन राहा, असं तू लिहिलंस. वाचून फार बरं वाटलं. पण एवढ्यात जमायचं नाही. थंडीत हार्लनचे गुडघे धरतात, सख्ख्या भावाला एकट्याला टाकून कशी येऊ? शिवाय मागच्या अंगणातला नळ दुरुस्त करायचाय. मग वाऱ्याचे दिवस येतील, ते संपले की उन्हाळा. बघू.

आमचं छान चाललंय. सहाला जेवतो, मग तो टीव्ही बघतो, मी विणत बसते. लॉइडसारखा नवरा गेल्यावर मी या घरात दोन महिन्यांसाठी म्हणून आले होते, ते आता आठवलं की हसू येतं. माझी गाडी मी विकून टाकली. एका घरात दोन गाड्या कशाला, असं हार्लनचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. मला कुठे जायचं असलं की तो सोडतो आणि बाहेर पिकअपमध्ये बसून राहतो.

इथल्या वाचनालयात ऑफेलिया बारिएंतोस म्हणून एक बाई आहे. तू गेल्यानंतर या गावात आली. ती परवा म्हणाली, "व्हेस्टा, सोडायला माणूस, आणायला माणूस. तू राणी आहेस की कैदी?" ती असंच बोलते. मी हसले.

ईनोला माझी आठवण सांग. आईच्या दफनाच्या दिवशी हार्लनने त्याला, घरच्या जावयाला, भरल्या ताटावरून उठवलं, ते तो विसरला असावा. तू विसरली नसणार.

तुझी,
व्हेस्टा

ता. क. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव. तसं काही नाही, आमच्या पेटीतली पत्रं वाऱ्याने उडतात.

१८ फेब्रुवारी १९९६

प्रिय रॉझ,

पेटीला झाकण नाही का, असं तू विचारतेस. आहे.

दुसरं काहीतरी सांगते. मी डोंगर चढायला लागलेय! हसू नकोस. ऑफेलिया आणि तिची दोन-तीन मंडळी दर शनिवारी गावामागच्या उजाड टेकड्यांत जातात. पायवाट वगैरे काही नसते. कोरड्या ओढ्यातून शिरायचं, दगडांवर हात टेकत वर जायचं, एखादी गुहा दिसली तर तिच्यात बसून सँडविच खायचं आणि दुपारी घरी. आपण या टेकड्यांच्या पायथ्याशी वाढलो रॉझ, आणि त्यांच्या आत काय आहे ते आपल्याला कधी कुणी दाखवलं नाही. बाबा म्हणायचे, तिकडे साप आहेत. खलास, विषय संपला.

पहिल्या शनिवारी मी एका बुटक्या सुळक्यावर चढले. त्याला नावही नाही. माथ्यावर जेमतेम तिघी उभ्या राहू शकतील एवढी जागा. खाली सगळं मैदान, मिठागरासारखं पांढरं, आणि त्यातून जाणारा हमरस्ता. दोन्ही बाजूंना पार दिसेनासा होईपर्यंत जाणारा. मी आपलं घर शोधत होते. ऑफेलियाने बोट दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "एवढंसं?"

हार्लनला ते आवडलं नाही हे सांगायला नकोच.

"दगडांवर चढायचं वय आहे का तुझं?"

"ऑफेलिया माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे."

"मग आधी ती पडेल. तिला पाठुंगळीला मारून आणणार तू?"

मी बटाटे सोलत राहिले. दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही, तिसऱ्या दिवशी गुडघा दुखायला लागला, चौथ्या दिवशी जेवला नाही. शुक्रवारी मी ऑफेलियाला फोन करून सांगणारच होते की येत नाही, तेवढ्यात तो दारात उभा राहून म्हणाला, "पुढच्या वेळी मी पण येतो. बघू तरी तिकडे काय सोनं पुरलंय."

म्हणजे आता आम्ही दोघं जाऊ. चांगलंच झालं. त्यालाही माणसांत मिसळायला हवं.

तुझ्याकडे तळं अजून गोठलेलंच असेल ना? इथून त्याची कल्पनाच करता येत नाही.

व्हेस्टा

१० मार्च १९९६

प्रिय रॉझ,

पाय उशीवर ठेवून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. गावातून कुणी काही कळवलं असेल तर त्यातलं निम्मं खोटं आहे. हार्लनने दुकानात सांगितलं, ते तर सगळंच. म्हणून मीच लिहिते.

त्या शनिवारी आम्ही निघालो. बाकीची मंडळी ऑफेलियाच्या गाडीतून गेली. हार्लन दुसऱ्याच्या गाडीत बसत नाही, म्हणून आम्ही पिकअप घेऊन टेकडीच्या पलीकडच्या बाजूने गेलो. "इकडून जवळ पडतं," असं त्याचं म्हणणं. दोन जुळे सुळके आहेत तिथे, बुटके, आणि त्यांच्या खांद्यात तीन गुहा. गुहा म्हणजे कड्यातले खोल कोनाडेच. एकीच्या छतावर कुणाच्या तरी जुन्या चुलीचं काजळ आहे. ऑफेलिया तिथे कुणाला दगडही उचलू देत नाही.

तिथे आम्ही खायला बसलो. सगळे हसत-बोलत होते. मीसुद्धा. काय विनोद झाला ते आता आठवत नाही, पण मी मोठ्याने हसले, आणि हार्लनने माझ्याकडे पाहिलं. उठला, पॅन्ट झटकली. "चला. आम्ही निघतो."

"अहो, आत्ता तर बसलो," ऑफेलिया म्हणाली.

"तुम्ही बसा."

मी डबा बंद केला आणि त्याच्या मागे गेले. हे मी का केलं असं तू विचारशील. मी विचार केलाच नाही, रॉझ. तो उठला की मी उठते.

आलो त्या वाटेने जायला हवं होतं. पण त्याला दिसली एक घळ, सरळ पिकअपच्या दिशेने उतरणारी. अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती, तळाला पाण्याने घासून गुळगुळीत झालेला दगड. पाऊस पडला तर तिथून पाणी कोसळत असणार. इथली माणसं अशा जागेला कोरडा धबधबा म्हणतात. पहिला उतार आम्ही बसून घसरत उतरलो. तो आधी, मग मी. खाली थोडी सपाट जागा, एका बाजूला कपाटाएवढी गुहा. तिथून पुढे गेलो तर दुसरा धबधबा. वाकून पाहिलं. घराच्या छपरावरून खाली बघावं तसं, त्याहूनही खोल.

मागे वळलो. ज्या दगडावरून घसरत आलो तो आता भिंत झाला होता. हाताला धरायला काही नाही. वरची कड आमच्या डोक्यावर आणखी एक माणूस उभा राहील एवढी उंच.

आम्ही हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. पण बाकीचे टेकडीच्या दुसऱ्या बाजूने उतरून गेले असणार.

मी म्हटलं, "तुझ्या खांद्यावर उभी राहिले तर माझा हात पोचेल."

"उगाच पडशील. येतील शोधायला."

संध्याकाळ झाली. त्या गुहेत रानउंदरांनी काटक्या आणि निवडुंगाचे तुकडे साठवले होते, ते बाजूला सारून बसलो. रात्र कशी गेली ते लिहीत नाही. थंडी होती आणि आमच्याकडे एकच जाकीट होतं. ते त्याने मला दिलं, हेही लिहायला हवं.

सकाळी मी पुन्हा म्हटलं, "खाली बस, मी चढते."

तो भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर गेलीस की तू परत येणार नाहीस."

"वेडा आहेस का? माणसं घेऊन येणार ना."

"माणसं येतील. तू यायची नाहीस. तुला रॉझलिनकडे जायचंय. मला कळत नाही असं वाटतं तुला? महिनाभर तू घरात अशी वावरतेस, जसं काय सामान आवरतेयस."

मी त्याला कधी एक शब्द बोलले नव्हते. खरं तर स्वतःलाही बोलले नव्हते. तुला तर लिहिलं होतं की जमायचं नाही.

"शब्द दे," तो म्हणाला. "आईची शपथ घे की घर सोडून जाणार नाहीस. मग देतो खांदा."

किती सोपं होतं, बघ. 'हो' म्हणायचं आणि चढायचं. आजवर हजारदा म्हटलंय. त्याला बरं वाटावं म्हणून मी बटाट्याचं सूप आवडतं असंसुद्धा म्हणत आलेय. पण त्या भोकात बसून मला वाटलं, आत्ता 'हो' म्हटलं तर वर चढूनही मी इथेच राहीन.

मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे मी रॉझकडे जाणार आहे. आणि वर गेले तर तुझ्यासाठी माणसं घेऊन येणार आहे. दोन्ही खरं आहे, हार्लन. यातलं एकच हवंय, असं नाही चालायचं."

तो गुहेत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. लहानपणी बसायचा तसा. मी बाहेर बसले. ऊन घळीत उतरलं, दगड तापायला लागला. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं, ते कुणीच प्यायलं नाही. मला भीती वाटत होती रॉझ, खूप. तो किती हट्टी आहे ते तुला ठाऊक आहे, आणि मी किती आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "ऑफेलिया चौकशी करेल. तू पुढच्या शनिवारी दिसली नाहीस की..."

आणि तो मध्येच थांबला.

"की काय?"

"मी तिला सांगितलंय," तो म्हणाला. "तिथे वर, तू डबा आवरत होतीस तेव्हा. यापुढे व्हेस्टा येणार नाही, असं सांगितलंय."

मी बाहेरूनच त्याच्या पाठीकडे पाहिलं.

"पोस्टमन आहे," तो म्हणाला.

"तो पेटीत टाकून निघून जातो."

"शेजारचे हॅगर्टी."

"त्यांच्याशी तू कुंपणावरून भांडलास. ते आपल्या खिडकीकडे बघतसुद्धा नाहीत."

मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो एकेक माणूस आठवत होता आणि एकेक खोडत होता, हे मला पाठीवरून कळत होतं. आपल्याला शोधायला कुणीच येणार नव्हतं. तशी व्यवस्था त्यानेच करून ठेवली होती, एकेका माणसाला दारातून परत पाठवून.

तो बाहेर आला आणि भिंतीशी गुडघे टेकून बसला. ते दुखरे गुडघे. "बूट काढ," म्हणाला. "टाचा खांद्यात रुततील. मी वर फेकतो नंतर."

मी मोजे-बूट काढले, त्याच्या खांद्यांवर उभी राहिले, भिंतीला हात टेकले. तो उठायला लागला. कण्हत होता, शिव्या देत होता, "देवा रे, काय खातेस काय तू!" म्हणत होता, आणि त्याचे पाय थरथरत होते. पण उठला. माझी बोटं कडेला लागली, मग कोपर. त्याने माझा तळवा हातात धरून वर ढकललं आणि मी पालथी पडले ती वरच्या दगडावर.

एक बूट वर आला. दुसरा येईना.

वाकून पाहिलं. तो बूट छातीशी धरून उभा होता.

"हार्लन, दुसरा टाक."

"आधी शब्द दे."

"माणसं आणते."

"व्हेस्टा."

"माणसं आणते, हार्लन."

त्याचं तोंड वर होतं, ओठ फुटलेले, आणि तो सत्तरीकडे झुकलेला माणूस एखाद्या पोराने खेळणं धरावं तसा तो बूट धरून होता. मी थोडा वेळ थांबले. मग स्कार्फ पायाला गुंडाळला आणि निघाले.

पिकअपपाशी पोचले, पण किल्ली त्याच्या कमरेला. म्हणून हमरस्त्यापर्यंत चालत गेले. स्कार्फ पहिल्या उतारावरच फाटला. इथल्या जमिनीवर काय काय पसरलेलं असतं ते तुला सांगायला नको. त्यातलं सगळं माझ्या डाव्या तळव्यात शिरलं. गवताच्या गासड्या नेणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "बाई, तुमचा एक बूट कुठाय?"

"भावाकडे."

त्याने पुढे काही विचारलं नाही.

बचाव पथकाची पोरं नको म्हणत होती तरी मी त्यांच्याबरोबर परत गेले, अर्धी वाट एकाच्या पाठीवर. जागा मलाच माहीत होती, आणि मी येते म्हटलं होतं. दोर सोडून त्याला वर काढलं. शर्टाच्या आत बूट होता. त्याने तो सगळ्यांसमोर माझ्यापुढे केला. "विसरून गेलीस."

सगळे हसले. मीही हसले असेन.

व्हेस्टा

३१ मार्च १९९६

प्रिय रॉझ,

तुझा फोन आला होता असं हार्लन म्हणाला. मी झोपले होते असं त्याने सांगितलं, आणि मी खरंच झोपले होते.

पायात पू झाला होता. डॉक्टरांनी दोनदा कापलं. पण सांगायचंय ते वेगळंच. हार्लन बदललाय. सकाळी अंडी तोच उकडतो. रोज संध्याकाळी टेबलावरचा दिवा खाली ओढून घेतो, चष्मा चढवतो, माझा पाय मांडीवर घेतो आणि चिमट्याने उरलेले काटे शोधतो. तासभर. एकेक काटा बशीत टाकतो. खाणीत काम केलेले ते जाड हात, पण दुखू देत नाही. परवा म्हणाला, "आईचे पाय असे कुणी बघितले असते तर." मला रडू आलं.

घळीतल्या बोलण्याचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. असा माणूस समोर बसलेला असताना कसा काढायचा? तो शिव्या द्यायचा तेव्हा निदान मनातल्या मनात दार उघडून बाहेर जाता यायचं. आता तेही जमत नाही.

म्हणून वाटतं, राहूच दे यंदा. तू मनाला लावून घेऊ नकोस. वरची खोली दुसऱ्या कुणाला दे.

व्हेस्टा

२१ एप्रिल १९९६

प्रिय रॉझ,

आधीचं पत्र फाडून टाक.

पाय केव्हाच बरा झालाय. मागच्या आठवड्यात हार्लन दुकानात गेला होता, तेव्हा मी धुतलेले कपडे घेऊन अंगणात गेले, वाळत घातले, टोपली कमरेवर घेऊन परत आले. सरळ चालत. रस्त्यावर पिकअपचा आवाज आला आणि माझा पाय लंगडायला लागला. आपोआप. मी मुद्दाम करत नव्हते, रॉझ. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी माझ्या पायाकडे बघत राहिले.

मग ध्यानात आलं, त्यालाही ते माहीत असणार. काटे दहा दिवसांपूर्वीच संपले होते. तरी तो रोज दिवा खाली ओढत होता, मी पाय देत होते, आणि बशी रिकामी राहत होती. ऑफेलियाचा फोन आला की तो सांगायचा, "अजून पाऊल टेकवत नाही तिला." मी पलंगावरून ऐकायचे आणि गप्प राहायचे. मी लंगडत होते तोवर दोघांनाही काही ठरवावं लागत नव्हतं.

काल संध्याकाळी त्याने खुर्ची ओढली, दिवा ओढला. "ये."

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून त्याच्यापर्यंत चालत आले. नेहमीसारखी. मग परत खिडकीपर्यंत गेले आणि पुन्हा आले. तो बघत होता. त्याने चिमटा बशीत ठेवला, चष्मा काढला.

"कधी?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी. वेगासहून बस आहे. ऑफेलिया सोडणार आहे तिथपर्यंत."

"मी सोडलं असतं."

"माहितेय. म्हणूनच तिला विचारलं."

यावर तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. बशी उगाच इकडून तिकडे सरकवली.

"परत येणार?"

"माहीत नाही, हार्लन. खरंच माहीत नाही."

"मला अंडी उकडता येतात," तो म्हणाला. "बाकी काय येतं?"

"शिकशील."

"ते नाही म्हणत मी." तो खिडकीबाहेर बघायला लागला. हॅगर्टींच्या अंगणात दिवा लागला होता. "एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरला माझा, तर कळणार कुणाला?"

हे ऐकून पाय पुन्हा लंगडावा असं मला वाटलं. तुझ्यापासून लपवत नाही. आणखी एकदा म्हणाला असता तर मी कदाचित बसलेही असते. पण तो आणखी काही म्हणाला नाही.

मी म्हटलं, "शनिवारी ती मंडळी जातात अजून."

"मला घेतील ते?"

"विचारून बघ."

"तू विचार."

"नाही," मी म्हटलं. हा माझा दुसरा 'नाही'. पहिल्याहून जड गेला.

मग तो उठून फोनपाशी गेला, फोन उचलला आणि तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. ऑफेलियाच्या घरचा नंबर त्याला पाठ आहे, इतके दिवस तिचे निरोप तोच घेत होता ना. तरी त्याला मी तिथे उभी हवी होते.

मी दार उघडून अंगणात गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेर वारा पडला होता, टेकड्यांवर अजून थोडं ऊन होतं. आतून त्याचा आवाज येत होता, हळू, अडखळत, पण शब्द कळत नव्हते. मी कानही दिला नाही. कुंपणापर्यंत गेले, तिथून फाटकापर्यंत, मग रस्त्यावर आले आणि कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत जाऊन उभी राहिले. कुणी हाक मारली नाही.

सोमवारी दुपारी पोचेन. थांब्यावर ये, आणि ईनोलाही आण.

व्हेस्टा